दोन लाख ऐंशी हजार उत्तरे आणि एक निर्णय : अकरावी सीईटी २०२१ च्या सर्वेक्षणाचे प्रकरण

मे २०२१. दहावीची परीक्षा रद्द झाल्याचे २० एप्रिलला जाहीर झाले होते. राज्य मंडळाची सुमारे सोळा लाख मुले घरी बसून होती. पुस्तके मिटायची की उघडी ठेवायची, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हते. अशा वेळी एका ऑनलाइन लिंकवरून विद्यार्थ्यांना विचारले गेले, की अकरावीच्या प्रवेशासाठी ऐच्छिक सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) घ्यावी का? राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या या सर्वेक्षणाला सुमारे २ लाख ८० हजार उत्तरे आली आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश ‘हो’ अशी होती. २८ मे रोजी सीईटी जाहीर झाली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

सर्वेक्षण घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कोविडची दुसरी लाट भरात होती, शाळांना कुलपे होती, आणि ज्यांच्या आयुष्यावर निर्णय होणार त्यांना विचारावेसे वाटले ही चांगलीच गोष्ट. तरीही हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवे. कारण ‘लिंक पाठवा, टक्केवारी काढा, निर्णय घ्या’ ही सवय तेव्हापासून सुटलेली नाही, उलट ती मंत्रालयापासून वर्गशिक्षकाच्या व्हॉट्सअॅप गटापर्यंत झिरपली आहे.

परिस्थिती काय होती

परीक्षाच नाही, तर अकरावीला प्रवेश कशावर द्यायचा, हा खरा पेच होता. त्यावर निघालेला तोडगा असा: प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे आणि २० गुण गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांचे. शाळेने दिलेल्या गुणांवर सगळ्यांचा सारखा विश्वास नव्हता, म्हणून सोबत सीईटी. ती दहावीच्या अभ्यासक्रमावर, इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे मिळून १०० गुणांची, दोन तासांची, बहुपर्यायी प्रश्नांची आणि ओएमआर पत्रिकेवर (गोल रंगवून उत्तर द्यायच्या कागदावर) होणार होती. द्यायची की नाही ते विद्यार्थ्याने ठरवायचे. मात्र जे देतील त्यांना प्रवेशात प्राधान्य, आणि उरलेल्या जागा न देणाऱ्यांना मूल्यमापनाच्या गुणांवर.

या शेवटच्या अटीत सगळे प्रकरण दडलेले आहे. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

राज्य मंडळाचा निकाल १६ जुलैला लागला, ९९.९५ टक्के. त्यानंतर सीईटीची नोंदणी सुरू झाली, सुरुवातीलाच संकेतस्थळ कोलमडले, ते दुरुस्त होऊन नोंदणी पुन्हा उघडली आणि दहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे घातली. परीक्षा २१ ऑगस्टला ठरली होती. दरम्यान आयसीएसईच्या एका विद्यार्थिनीने याचिका केली होती. दुसऱ्या मंडळातून शिकलेल्या मुलांनी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरची परीक्षा का आणि कशी द्यायची, हा तिचा आक्षेप होता. अशी परीक्षा लादण्याचा कायदेशीर अधिकार शासनाला नाही, आणि लसही न मिळालेल्या एवढ्या मुलांना केंद्रांवर बोलावणे त्यांच्या जिवाशी खेळ आहे, असे न्यायालयाने धरले. प्रवेश दहावीच्या गुणांवर द्या आणि प्रक्रिया सहा आठवड्यांत संपवा, असा आदेश झाला.

म्हणजे मुलांनी जून, जुलै आणि ऑगस्टचे पहिले दहा दिवस एका न झालेल्या परीक्षेच्या तयारीत घालवले.

आकड्याची फोड

२ लाख ८० हजार हा आकडा डोळ्यांत भरतो. एवढ्या मोठ्या संख्येपुढे शंका काढायला कुणी धजत नाही. पण सोळा लाखांत तो शंभरातले साधारण अठरा भरतो. त्या अठरांपैकी बारा ‘हो’, सहा ‘नाही’. उरलेले ब्याऐंशी गप्प. त्या ब्याऐंशींबद्दल आपण काहीच गृहीत धरले नाही, तर सोळा लाखांमधले सीईटीच्या बाजूचे प्रमाण कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त ९४ टक्के निघते. सर्वेक्षणाने प्रत्यक्षात एवढेच सांगितले होते: बारा ते चौऱ्याण्णव. ‘पासष्टच्या आसपास’ हा आकडा उत्तर देणाऱ्यांचा आहे, विद्यार्थ्यांचा नव्हे.

उत्तरे वाढली की चूक कमी होते, हा समज इथे आडवा येतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यात ते खरे आहे. आपण होऊन आलेल्या उत्तरांत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, सुमारे चोवीस लाख परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे छापले. रूझवेल्ट प्रचंड फरकाने निवडून आले. चोवीस लाख उत्तरांनीही तो कल सुधारला नाही, कारण न आलेली उत्तरे वेगळ्या माणसांची होती.

अशी लिंक कशी प्रवास करते ते पाहिले की न आलेली उत्तरे कुणाची हे कळते. जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून मुख्याध्यापकांच्या गटावर, तिथून वर्गाच्या गटावर. वर्गाच्या गटात मुलगा नसतो, वडिलांचा नंबर असतो. वडील फोन घेऊन कामावर गेलेले असतात. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत लिंकवर ‘सुप्रभात’चे तीस संदेश चढलेले असतात. लिंक त्याच दुपारी उघडते ती अशा घरात, जिथे मुलाचा स्वतःचा फोन आहे, ऑनलाइन क्लास चालू आहे आणि अकरावीला कोणते कॉलेज हे घरात रोज बोलले जाते. ज्या मुलाने त्या वर्षी महिनोन् महिने एकही तास पाहिला नव्हता, त्याला सीईटीचा सर्वात जास्त त्रास होणार होता, आणि त्याचेच उत्तर येण्याची शक्यता सर्वात कमी होती.

दुसरी गोष्ट भूगोलाची. त्या वर्षी अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश फक्त मुंबई महानगर, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथे होते. बाकी राज्यात मुले जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अर्ज भरत, आणि बऱ्याच ठिकाणी जागा पुरून उरत. पुण्यातल्या, एका नामांकित कॉलेजात अर्ध्या-पाव टक्क्याने जागा हुकण्याची धास्ती असलेल्या मुलीसाठी सीईटी म्हणजे आपली लायकी दाखवायची संधी. गावातल्याच हायस्कूलला जोडलेल्या अकरावीत जाणाऱ्या मुलासाठी तीच सीईटी म्हणजे तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि साथीची भीती, हाती काहीच नाही. दोघांचे ‘हो’-‘नाही’ एकाच बेरजेत घातले की जी टक्केवारी निघते ती कुणाचीच नसते.

प्रश्नाची फोड

आकड्यांपेक्षा प्रश्नातली उणीव मोठी होती. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लागणारा अर्थ सरळ आहे: ज्याला द्यायची त्याने द्यावी. मला नको असेल तर माझे काय जाते? अशा प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला कारणच उरत नाही. आपल्याकडे तर दुसऱ्याच्या संधीला आडवे जाणे मुलांना बरेही वाटत नाही.

पण २८ मे रोजी जाहीर झालेली सीईटी तशी नव्हती. देणाऱ्यांना प्राधान्य म्हटल्यावर न देणारा मागच्या रांगेत गेला. मुलांनी ‘हो’ म्हटले एका परीक्षेला आणि नियम आला दुसऱ्याच परीक्षेचा. नोंदणीचा दहा लाखांचा आकडा याचा पुरावा आहे. कुणी म्हणेल, एवढ्यांनी नावे घातली म्हणजे मुलांना परीक्षा हवीच होती. तसे ठरवता येत नाही. प्राधान्य हुकेल या धास्तीने नोंदणी करणारा आणि परीक्षा हवी म्हणून नोंदणी करणारा, दोघांचा अर्ज सारखाच दिसतो. मत विचारायचे असेल तर नियम आधी ठरवून तो मुलाच्या भाषेत समोर ठेवावा लागतो. नियम ठरायच्या आधी घेतलेला कौल नियमाला लागू होत नाही.

आणि काही प्रश्न मुलांना विचारायचेच नसतात. शासनाला अशी परीक्षा घेण्याचा अधिकार आहे का? याचे उत्तर विधी व न्याय विभागाने द्यायचे. ऑगस्टमध्ये लाखो मुलांना केंद्रांवर बसवणे सुरक्षित आहे का? याचे उत्तर आरोग्यतज्ज्ञांनी द्यायचे. इतर मंडळांच्या मुलांना हा अभ्यासक्रम अन्यायाचा आहे का? त्यासाठी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषयतज्ज्ञांनी एक दिवस बसायचे. शंभरातल्या पंचाण्णवांना परीक्षा हवी असती, तरी उरलेल्या पाचांवरचा अन्याय त्यामुळे पुसला गेला नसता. न्यायालयात निर्णय टिकला नाही तो या प्रश्नांवर, आणि यांतला एकही प्रश्न लिंकने सुटणारा नव्हता.

त्याच पावसाळ्यात दुसरे सर्वेक्षण

जुलै २०२१ मध्ये परिषदेनेच पालकांना विचारले: शाळा सुरू झाल्या तर मुलांना पाठवाल का? जवळपास सात लाख उत्तरे, ८० टक्क्यांहून अधिक ‘हो’. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात १७ तारखेपासून शाळा उघडायचे ठरले, राज्याच्या कोविड कृती दलाने हरकत घेतली, आणि एक-दोन दिवसांतच निर्णय थांबला. शाळा उघडल्या ४ ऑक्टोबरला. पालकांची तयारी ही जाणून घेण्याजोगी गोष्ट आहे, पहिल्या दिवशी किती बाके लागतील याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. मात्र शाळा कधी उघडायची हे संसर्गाच्या आकड्यांवर ठरणार होते, आणि ते पालकांच्या हाती नव्हते. सात लाख माणसांना वाटले की आपल्याला विचारून ठरते आहे. तसे झाले नाही. पुढच्या लिंकला हीच माणसे उत्तर देताना दोनदा विचार करतात, आणि ते योग्यच आहे.

त्याच मनुष्यबळात काय करता आले असते

‘तेव्हा वेळच नव्हता’ हा आक्षेप समजून घेऊ आणि चार दिवसांत बसणारी पद्धत मांडू.

पहिला दिवस नमुन्याचा. राज्य मंडळाकडे दहावीचे परीक्षा अर्ज आलेलेच होते, नऊ विभागीय मंडळांची यादी तयार होती. एवढी पूर्ण यादी सर्वेक्षणवाल्यांना सहसा मिळत नाही. प्रत्येक विभागातून वीस शाळा चिठ्ठीने काढायच्या, पण पटाच्या प्रमाणात, म्हणजे चारशे मुलांच्या शाळेची चिठ्ठी चाळीस मुलांच्या शाळेच्या दहापट वेळा टोपलीत हवी. प्रत्येक शाळेतून ठरावीक अंतराने आठ नावे: एका शाळेत ९६ मुले असतील तर दर बारावे, सुरुवात चिठ्ठीने. एकूण १८० शाळा, १,४४० मुले. इतर मंडळांच्या शाळांमधून वेगळा छोटा नमुना घ्यायचा आणि त्याचा निकाल वेगळाच ठेवायचा, मोठ्या बेरजेत बुडू द्यायचा नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस फोनचा. नमुन्यातल्या १८० शाळांनी अर्जावरचे नंबर तपासून द्यायचे. फोन त्या मुलाच्या वर्गशिक्षकाने करायचा नाही. ‘परीक्षा नको’ हे सरांना सांगायला मूल कचरते, आणि त्या वर्षी गुण शाळेच्याच हातात होते. दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक किंवा डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) छात्राध्यापक घ्यावेत. एका फोनला पंधरा मिनिटे, नोंद करायला पाच, असे धरले तर एक माणूस दिवसाला वीस फोन आरामात करतो. दोन दिवसांत चाळीस. छत्तीस माणसे पुरतात. फोन लागला नाही तर तीन वेळा प्रयत्न, त्यांतला एक संध्याकाळी सातनंतर, वडील घरी आल्यावर. तरीही न लागलेल्या प्रत्येक नंबरची कारणासह नोंद, कारण शेवटी अहवालात ‘किती जण सापडलेच नाहीत’ हे पहिल्या पानावर लिहायचे असते.

प्रश्न पाच-सहाच. दहावीच्या वर्षात किती महिने तास पाहता आले? पुस्तके सगळी हाताशी आहेत का? अकरावीला कुठे जायचे आहे, तिथे जागा मिळण्याची काळजी आहे का? परीक्षा झाली तर केंद्रावर कसे जाणार? आणि मग मुख्य प्रश्न दोन रूपांत: निम्म्या मुलांना ‘सीईटी देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य’ हा नियम वाचून दाखवायचा, निम्म्यांना ‘प्राधान्य नाही, फक्त शंका असलेल्यांना गुण तपासून घेण्याची सोय’ हा. दोन गटांतल्या ‘हो’मध्ये जो फरक पडेल, तो ‘ऐच्छिक’ या शब्दाची खरी किंमत सांगतो.

चौथा दिवस हिशेबाचा. १,४४० पैकी हजार मुले सापडली असे धरू. एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी विचार करतात, त्यामुळे हजार उत्तरांचे वजन सुट्या सहाशे उत्तरांच्या आसपास भरते, आणि चूक चार टक्क्यांच्या आतबाहेर राहते. मुंबई विभागात मुले जास्त, कोकणात कमी, म्हणून विभागवार भार लावल्याशिवाय राज्याची टक्केवारी काढायची नाही. न सापडलेली चारशे चाळीस मुले हा या पद्धतीचाही दुबळा भाग आहे. फरक इतकाच की ती कोण, कुठली, हे इथे माहीत असते. मग निकाल सरसकट न देता असा द्यायचा: केंद्रीय प्रवेशाच्या शहरांत इतके, बाकी राज्यात इतके. पेच खरोखर शहरांपुरता निघाला असता, तर तोडगाही तिथल्यापुरता शोधता आला असता.

हजार फोनना लिंकपेक्षा श्रम जास्त लागतात हे खरे. पण २ लाख ८० हजार मुलांची प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तर लिंकने चौदा हजार तास खर्च केले, फक्त ते कुणाच्या हिशेबात आले नाहीत.

शाळेच्या पातळीवर

शाळांमध्ये हेच लहान प्रमाणात रोज घडते. स्नेहसंमेलन झाले, लिंक. पालकसभा झाली, लिंक. सहल, गणवेश, खिचडी, प्रत्येकाची लिंक. चाळीस पालकांच्या वर्गात पहिल्या दिवशी बारा-पंधरा उत्तरे येतात. मग वरून ‘१०० टक्के भरून घ्या’ असा निरोप येतो. वर्गशिक्षिका आठवण करते, फोन करते, आणि शेवटी उरलेले सात-आठ फॉर्म स्वतःच ‘समाधानी’वर टिचकी मारून भरते. तिला दोष देता येत नाही. तिच्याकडे मागितली होती ती टक्केवारी, मत नव्हे. त्यानंतर त्या तक्त्यात पालक किती आणि शिक्षिका किती, हे कुणालाही वेगळे काढता येत नाही.

खिचडीचेच घ्या. ‘आहाराची चव कशी वाटते?’ या प्रश्नावर पहिलीतल्या मुलाचे वडील काय लिहिणार? त्यांनी ती खाल्लेली नाही. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ असतो. साठ मुले हजर असतील तर त्या दिवशी सहा किलो शिजतो. उरलेले अन्न ज्या बादलीत जमा होते ती दोन आठवडे रोज वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, शेजारी त्या दिवशीचा पदार्थ आणि हजेरी. मटकीच्या दिवशी एक किलो आणि वाटाण्याच्या दिवशी साडेतीन किलो उरत असेल, तर कळायचे ते कळले. मुलांनी ताटातच उत्तर दिलेले असते.

वाचनालयाला हेच लागू. कोणती पुस्तके आवडतात ते विचारण्याआधी देवघेव वही पाहावी. शाळा सोडून चाललेल्या मुलांची कारणे दाखल्याच्या अर्जावर असतात, ती वर्षअखेरीस एकदा एकत्र वाचावीत. आणि जिथे खरेच मत हवे, उदाहरणार्थ शाळेची वेळ सकाळची करावी का, तिथे हजेरीपटावरून दर पाचवे नाव घेऊन आठ पालकांना फोन करावा आणि मुलाला सकाळी कोण सोडणार, एसटी किती वाजता येते, मोठी बहीण कोणत्या वेळच्या शाळेत जाते, हे विचारावे. आठ फोनमध्ये जी अडचण तीनदा ऐकू येते, ती चाळीस टिचक्यांत एकदाही दिसत नाही. त्यावर चर्चा पालक-शिक्षक संघात किंवा शाळा व्यवस्थापन समितीत, समोरासमोर. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कायदाच सांगतो. ती बसते, तिथे प्रश्नाला उलट प्रश्न विचारता येतो. फॉर्मला ते जमत नाही.

फॉर्म पूर्ण बंद करावेत असे नाही. मुलांना त्रास देणाऱ्या गोष्टी, मारहाण, चिडवणे, स्वच्छतागृहाची भीती, या निनावी कागदावरच बाहेर येतात, आणि तिथे नाव न विचारणारा, वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी भरून बंद पेटीत टाकलेला फॉर्म लाख मोलाचा आहे. गूगल फॉर्मवर ‘एकच उत्तर’ ही मर्यादा लावली की खात्यात शिरावे लागते. ईमेल नोंदवला जात नसला, तरी शाळेने दिलेल्या खात्यातून शिरलेले मूल ते मानत नाही आणि हात आखडते. अशा विषयाला कागदच बरा.

लिंक गटावर टाकण्याआधी मुख्याध्यापकांनी अर्ध्या पानावर चार ओळी हाताने लिहाव्यात. कोणता निर्णय अडला आहे. तो घेण्याचा अधिकार शाळेचा आहे का. ‘हो’ जास्त आले तर काय करणार आणि ‘नाही’ जास्त आले तर काय वेगळे करणार. उत्तर देणाऱ्यांना निकाल कोणत्या तारखेला सांगणार. तिसऱ्या ओळीत दोन्हीकडे एकच मजकूर आला, तर लिंक पाठवू नये. २०२१ च्या मे महिन्यात हे अर्धे पान भरले गेले असते, तर सीईटीचा प्रश्न दुसऱ्या ओळीवरच विधी विभागाकडे गेला असता.